गोव्यात कमी पगारात भाड्याची खोली शोधताना

मे महिना लागला की गावाकडून फोन सुरू होतात. "वेर्ण्याला काम लागलंय, सोमवारी हजर व्हायचंय, तेवढी एक रूम बघून ठेव ना." मी चंदगडकडचा. गोव्यात येऊन चौदा वर्षं झाली आणि या काळात पाच खोल्या बदलल्या. फोनवर दर वेळी तेच सांगतो. ते एकदा नीट लिहून ठेवावं, म्हणजे नव्याने येणाऱ्याला पहिल्याच महिन्यात मार बसणार नाही, म्हणून हे लिहिलं.

पगार पंधरा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान असलेल्यांसाठी हे आहे. कंपनीतले कंत्राटी कामगार, हॉटेलातली आणि दुकानातली मुलं, इस्पितळातल्या आया-मावश्या, नुकतं लग्न झालेली जोडपी. समुद्र दिसणारा फ्लॅट हवा असणाऱ्यांनी एजंटाकडे जावं.

आधी आठ-दहा दिवसांची सोय करा

बॅग घेऊन उतरल्या दिवशी पक्की खोली घ्यायची घाई करू नका. घाईत घेतलेली खोली तीन महिन्यांत सोडावी लागते आणि डिपॉझिट अडकतं. पहिले आठ-दहा दिवस ओळखीच्याकडे पथारी टाका. नसेल ओळख, तर पणजी, म्हापसा, मडगाव इथे बसस्टँडजवळ साधे लॉज आहेत, पणजीत मिरामारला युवा वसतिगृह आहे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे या देवस्थानांच्या अग्रशाळा, म्हणजे धर्मशाळा, आहेत खऱ्या, पण त्या देवाला येणाऱ्यांसाठी. दर्शनाला आल्यावर एक-दोन रात्री ठीक, तिथून नोकरीला जाण्याचा बेत करू नका.

या दिवसांत एकच काम करायचं. ज्या वेळी कामावर जायचं आणि सुटायचं असेल, नेमक्या त्याच वेळी बसने फिरून बघायचं.

खोलीचं भाडं आणि महिन्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी

नव्याने येणारा हमखास इथेच फसतो. शहरापासून लांब, स्वस्त खोली दिसली की तो हरखतो.

समजा, तुमचं काम पणजीत पाटोला आहे. माशेलला एक खोली साडेचार हजारांना मिळतेय, मेरशीला तशीच खोली साडेसहा हजारांना. (आकडे हिशेबापुरते घेतलेत, तुमच्या वेळचे भाव तुम्ही विचारून भरा.) माशेलहून बसला जाऊन-येऊन रोजचे साठ रुपये धरले, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे पंधराशे साठ. महिन्यातून सहा वेळा उशिरा सुटलात आणि शेवटची बस चुकली, तर मोटरसायकल पायलट (दुचाकीवरची टॅक्सी) किंवा रिक्षा, दीडशेप्रमाणे नऊशे. सगळं मिळून सहा हजार नऊशे साठ. मेरशीहून बसला रोजचे वीस, म्हणजे पाचशे वीस, एकूण सात हजार वीस. फरक फक्त साठ रुपयांचा, आणि माशेलवाल्याचे रोजचे दोन तास बसमध्ये जातात. त्या दोन तासांत माणूस झोपतो, स्वयंपाक करतो, ओव्हरटाइम करतो.

म्हणून भाडं, बस, वीज आणि पाणी असे चारही आकडे एका कागदावर मांडा. त्यांची बेरीज पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राहिली तर महिना निभतो. अठरा हजार पगार असलेल्या एकट्या माणसाला गोव्यात हे जमवणं अवघड जातं, हे मी मान्य करतो. त्याने सरळ दोघा-तिघांत खोली घ्यावी. त्यात कमीपणा नाही, मीही पहिली चार वर्षं तसाच राहिलो.

बसचा रस्ता धरून शोधा

नकाशावर काय जवळ दिसतं त्यावर जाऊ नका. गोव्यात मध्ये नदी असते, डोंगर असतो आणि अंधार पडला की आतल्या गावांच्या खाजगी बसगाड्या कमी होत जातात. पणजी–म्हापसा, पणजी–मडगाव, पणजी–वास्को, पणजी–फोंडा या मुख्य मार्गांवर मात्र गाड्या सतत असतात. पणजीहून म्हापसा, मडगाव आणि वास्कोला कदंबाची, म्हणजे इथल्या सरकारी एसटीची, न थांबणारी शटल असते आणि कदंबाचा महिन्याचा पासही निघतो. मुख्य रस्त्यापासून चालत दहा मिनिटांच्या आत खोली असेल तर तिच्यासाठी चार-पाचशे जास्त मोजायला हरकत नाही.

पणजीत काम असेल तर खुद्द शहरात शोधण्यात दिवस घालवू नका. मेरशी, सांताक्रूझ, चिंबल, रायबंदर हा एक पट्टा. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात काम असणाऱ्यांनाही तोच सोयीचा. नदीपलीकडे बेती आणि पर्वरी. बेतीहून साध्या फेरीबोटीने पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही आणि पणजीत उतरलात की बाजार समोर, हे फार थोड्या नव्या माणसांना माहीत असतं.

म्हापशाच्या बाजूला करासवाडा, धुळेर, कुचेली. थिवी आणि कोलवाळच्या कारखान्यांत जाणाऱ्यांना ही गावं बरी पडतात. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हापासून पेडणे, धारगळ या भागातही खोल्यांना गिऱ्हाईक आलं आहे. तिथे काम असेल तर सीमेपलीकडच्या बांद्याचाही विचार करा. सिंधुदुर्गातली कितीतरी मुलं बांदा, सावंतवाडी, दोडामार्गहून रोज ये-जा करतात. मात्र पावसाळ्यात पहाटे दुचाकीवर हा प्रवास करणं जिवावरचं आहे. बसची वेळ जुळत असेल तरच त्या वाटेला जा.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीसाठी मडगाव, दवर्ली, नावेली किंवा उलट दिशेला कुठ्ठाळी, झुआरीनगर. नवा झुआरी पूल झाल्यावर पणजीकडून वेर्ण्याला जाणंही सोपं झालं. कुंडई, मडकई, बेतोडा इथे काम असेल तर फोंडा उत्तम: कुर्टी, ढवळी, बांदोडा, खांडेपार. मराठी माणसाला फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी या तालुक्यांत पहिल्या दिवसापासून परकं वाटत नाही. घरोघर मराठी पेपर येतो, देवळात भजन मराठीत चालतं.

कळंगुट, बागा, हणजूण, मोरजी, हरमल हा किनारपट्टा कमी पगाराच्या माणसाने सोडून द्यावा. जूनमध्ये तिथे खोली स्वस्त मिळते खरी. ऑक्टोबर लागला की मालकाला पर्यटकांचे पैसे दिसतात आणि तो तुम्हाला जायला सांगतो. तिथल्याच हॉटेलात नोकरी असेल तर मालकाकडे राहण्याची जागा मागा. बरीच हॉटेलं कामगारांना खोली देतात, पण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

विचारपूस कुठे करायची

कमी भाड्याच्या खोल्या मोबाइलवरच्या जाहिरातींत क्वचित येतात. त्या तोंडोतोंडी जातात. मी घेतलेल्या पाचपैकी चार खोल्या मला किराणा दुकानदार, खानावळवाली मावशी आणि कंपनीतले सहकारी यांच्याकडून कळल्या.

संध्याकाळी त्या वाड्यावर जा. तिंट्यावरच्या, म्हणजे गावच्या नाक्यावरच्या, दुकानात चहा प्या, विचारा. कोकणीतून "भाड्याक कूड आसा?" एवढं विचारलंत तरी समोरच्याचा चेहरा बदलतो. कूड म्हणजे खोली. मराठी बहुतेकांना कळते, पण या माणसाने आपली भाषा बोलायचा प्रयत्न केला, हे इथल्या माणसाला मनापासून आवडतं. बेकरीवाला, गॅसवाला, पोस्टमन यांना रिकामी घरं माहीत असतात. मराठी दैनिकांतल्या छोट्या जाहिराती अजूनही बघण्यासारख्या असतात, खासकरून रविवारच्या. फर्मागुडीसारख्या कॉलेजच्या भागात मे-जूनमध्ये विद्यार्थी खोल्या सोडतात, तेव्हा तिथे चक्कर मारा.

दलाल बहुधा एक महिन्याचं भाडं घेतो. वरचीच साडेसहा हजारांची खोली घ्या: दोन महिन्यांचं डिपॉझिट तेरा हजार, पहिलं भाडं साडेसहा, दलाली साडेसहा. पहिला पगार हातात यायच्या आत सव्वीस हजार गेले. दलालाशिवाय शोधायला आठवडा जास्त लागला तरी चालेल, असं मी का म्हणतो ते यावरून कळेल.

आणि खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन म्हणून एक रुपयाही पाठवू नका. "मी सैन्यात आहे, माझी बदली झालीय, किल्ली कुरिअरने पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा" असं म्हणणारा माणूस चोर आहे. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० वर फोन लावा. जितका उशीर, तितके ते परत मिळणं कठीण.

घरमालक कशाला बिचकतो

गोव्यात बंद घरं पुष्कळ आहेत. मालक मुंबईत किंवा परदेशात, घराला कुलूप. मग भाड्याने का देत नाहीत? भीती. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली भाडेकरूला बाहेर काढणं सोपं नाही आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला संरक्षण दिलं. भाडेकरू आणि मुंडकार यांचा तसा संबंध नाही, पण "एकदा आत घेतलं की माणूस जात नाही" ही धास्ती जुन्या घरांत अजून आहे. म्हणून अकरा महिन्यांचा करार, म्हणून एवढी चौकशी.

हे समजून गेलात की बोलणं सोपं होतं. कामाच्या ठिकाणचं ओळखपत्र, आधार, गावाकडच्या कोणाचा तरी फोन नंबर आणि आधीच्या मालकाचा नंबर असं सगळं आपणहून पुढे करा. मालकीण म्हातारी असेल तर बायकोला किंवा आईला सोबत न्या. किती माणसं राहणार ते खरं सांगा. दोघं म्हणून घेऊन पाच जण राहायला लागले, की त्या मालकाचं दार पुढच्या दहा जणांना बंद होतं. 'भायले', म्हणजे बाहेरचे, म्हणून नकार मलाही मिळालाय, लागतं मनाला. वाद घालू नका, पुढच्या घरी जा. ज्याच्या मनात आधीच अढी आहे त्याच्या आवारात वर्ष काढणं फार जड जातं.

खोली बघताना

इथे सावकाश व्हा. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस कोसळतो आणि खोली कशी आहे ते तेव्हाच कळतं. बहुतेक जण मात्र ती एप्रिल-मेमध्ये, कोरडी ठणठणीत असताना बघतात.

भिंतीचा खालचा दोन फुटांचा भाग बघा. नवा रंग फक्त तिथेच लावलेला असेल तर आत ओल आहे. कपाट असेल तर उघडून वास घ्या, कुबट वास लगेच कळतो. कौलारू असेल तर आत उभं राहून वर बघा, कुठे ऊन दिसतं का. पावसाआधी नळे परतून देणार का, आणि ते कोणाच्या खर्चाने, हे तिथेच विचारा. पत्र्याचं छप्पर असेल तर दुपारी दोन वाजता जा. सकाळी थंड वाटणारी खोली तेव्हा तापलेल्या तव्यासारखी असते. खोली रस्त्यापेक्षा खाली असेल तर पाणी आत येतं का, ते शेजाऱ्याला विचारा, मालकाला नको.

मग पाणी. तिसवाडी आणि फोंड्याला ओपाच्या जलप्रकल्पाचं पाणी येतं, बार्देशला अस्नोड्याचं, दक्षिणेला साळावलीचं. मोठी जलवाहिनी फुटली की अख्खा तालुका दोन-दोन दिवस कोरडा राहतो. म्हणून नुसतं "पाणी आहे का" असं विचारू नका. नळाला किती वाजता येतं, किती वेळ येतं, वर टाकी आहे का, ती किती खोल्यांत वाटलेली आहे आणि आवारात बांय, म्हणजे विहीर, आहे का, असं विचारा. मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का आणि त्याचे पैसे कोण देतं? माझ्या तिसऱ्या खोलीत सहा बिऱ्हाडांना मिळून एक टाकी होती. पहाटे साडेपाचला जो उठेल त्याची अंघोळ व्हायची.

वीज. मीटर तुमचा स्वतंत्र आहे, पोटमीटर आहे की सगळ्यांत मिळून एक? पोटमीटर असेल तर युनिटचा दर करारात लिहून घ्या आणि वीज खात्याचं मागचं बिल दाखवायला सांगा. घरगुती दर त्या बिलावरच दिसतो. त्याच्या दुप्पट मागणारे मालक मी पाहिलेत. राहायला जाताना मीटरचा फोटो काढा.

संडास आत आहे की बाहेर सामायिक, आणि किती जणांत? घरात बाई असेल तर रात्री तिथपर्यंतच्या वाटेवर दिवा आहे का, हे जाऊन बघा. दाराची कडी आतून घट्ट लागते का, खिडकीला गज आहेत का, तेही.

पैशाचं बोलणं

दोन महिन्यांच्या डिपॉझिटवर अडून राहा. केंद्राने २०२१ साली आणलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांचीच मर्यादा सुचवली आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय ती बंधनकारक होत नाही, पण बोलताना दाखला म्हणून चालते. मालक तीनवर ठाम असेल तर तिसरा महिना दोन हप्त्यांत देतो म्हणा. ही सवलत मला दोनदा मिळाली.

पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोखच हवे म्हणाला तर पावती घ्या, साध्या वहीच्या कागदावर तारीख, रक्कम, सही एवढं पुरतं. माझं पहिलं डिपॉझिट, बारा हजार, असंच गेलं. तोंडी व्यवहार, पावती नाही. सोडताना मालक म्हणाला रंगाला लागले. त्या वर्षी चवथीला गावी जायचे पैसे नव्हते. पावती मागायला लाजलो, त्याची ती किंमत होती.

करार आणि पोलिसांचा कागद

अकरा महिन्यांचा करार स्टँप पेपरवर लिहून तो नोटरी करून घेण्याची इथे पद्धत आहे. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा मात्र १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे तालुक्याच्या उपनिबंधकाकडे नोंदवावा लागतो. महाराष्ट्रातून येणाऱ्याला ऑनलाइन नोंदणीची सवय असते, ती पद्धत इथे गृहीत धरू नका.

करार देणारा माणूस खरंच मालक आहे का, हे घरपट्टीच्या पावतीवरून बघा. त्यावर पंचायतीचा किंवा पालिकेचा घर क्रमांक असतो. घराला क्रमांकच नसेल तर बांधकामाला परवाना नसण्याची शक्यता मोठी. उद्या नोटीस आली की सामान तुमचं रस्त्यावर येतं.

करारात या गोष्टी असल्याच पाहिजेत: भाडं आणि ते देण्याची तारीख, डिपॉझिट आणि सोडल्यावर किती दिवसांत परत, सोडण्याआधी किती दिवसांची सूचना (दोन्ही बाजूंना सारखी), वीज-पाण्याचा हिशेब, दुरुस्ती कोणाकडे, वर्षाने भाडं किती वाढणार. "मालक सांगेल तेव्हा खाली करावं लागेल" असं वाक्य दिसलं तर खोडून घ्या आणि बाजूला दोघांच्या सह्या करा.

भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात देणं गोव्यात घरमालकावर बंधनकारक आहे. फॉर्म, फोटो, आधारची प्रत, गावचा पत्ता. मालक टाळाटाळ करत असेल तर तुम्हीच फॉर्म भरून त्याच्या सहीला न्या आणि पोच घेतलेल्या प्रतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रात्री वाड्यावर तपासणी झाली की हा कागद असलेला माणूस दोन मिनिटांत मोकळा होतो.

सरकारी स्वस्त घरांची आशा धरून थांबू नका. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा एक भाग आहे आणि वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेली कुटुंबं आर्थिक दुर्बल गटात येतात. अर्ज जरूर करा, पण पुढच्या सोमवारी राहायचं कुठे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या वसाहतींत, पर्वरीला किंवा मडगावच्या घोगळला, मालकांनी भाड्याने दिलेले छोटे फ्लॅट असतात. दोन जोडप्यांनी मिळून तिकडे विचारावं.

मालकाने मध्येच कुलूप लावलं, वीज तोडली किंवा डिपॉझिट अडवलं तर आधी पंच किंवा नगरसेवकाला मध्ये घाला, निम्मे तंटे तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

राहायला गेल्यावरचे पहिले दिवस

सामान लावण्याआधी रिकाम्या खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. भिंती, नळ, फरशीच्या चिरा, तुटकी खिडकी, सगळं. तो लगेच मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे तारीख राहते.

गॅसच्या जोडणीला वेळ लागला तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. महाराष्ट्रातलं किंवा कर्नाटकातलं रेशनकार्ड अन्नसुरक्षेचं असेल आणि आधारशी जोडलेलं असेल, तर धान्य इथल्या रास्त भावाच्या दुकानात उचलता येतं. बोट टेकवून अर्धं इथे, अर्धं गावी, असंही चालतं. कित्येक जण हे माहीत नसल्याने महिन्याचा तांदूळ विकत घेतात.

सोडायची वेळ आली की सूचना लेखी द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर दिली तरी चालेल. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापायचं असेल तर ते आधी बोलून ठेवा. खोली झाडून, मीटरचा शेवटचा फोटो काढून, जुना व्हिडिओ मोबाइलवर उघडून मालकासोबत एकदा फिरा. किल्ली हातात देण्याआधी पैसे खात्यात आले का ते बघा.